दोन केबीची लग्नपत्रिका

२०११ सालचा मे महिना. लग्नसराई ऐन भरात होती आणि गडहिंग्लजच्या एका डीटीपीच्या दुकानात कामाला लागून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट हातात होतं, मार्कही बरे पडले होते, त्यामुळे कॉम्प्युटर आपल्याला येतो अशी माझी पक्की समजूत. एक पत्रिका कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करून झाली, पार्टीनं प्रूफ बघून सही केली, आणि ती छपाईला कोल्हापूरला पोचवायची होती. आमच्याकडचं नेट तेव्हा इतकं रडत चालायचं की पेन ड्राइव्ह घेऊन एसटीनं जाणं लवकर व्हायचं. मी डेस्कटॉपवरचा पत्रिकेचा आयकॉन कॉपी केला, पेन ड्राइव्हमध्ये पेस्ट केला आणि सकाळची गाडी धरली.

प्रेसमधल्या ऑपरेटरनं पेन ड्राइव्ह लावला, डबल क्लिक केलं, काहीच उघडेना. मग राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या आणि हसला. "ताई, दोन केबीची लग्नपत्रिका असती व्हय? तुम्ही निस्ता बाण आणलाय. पत्रिका ऱ्हायली तिकडंच."

बाण म्हणजे शॉर्टकट. आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक छोटासा वाकडा बाण असतो, तो मी रोज बघत होते आणि एकदाही मला त्याचा प्रश्न पडला नव्हता. खरी फाईल डी ड्राइव्हवरच्या एका फोल्डरमध्ये होती. डेस्कटॉपवर होता तो फक्त तिचा पत्ता लिहिलेला चिटोरा. मी चिटोरा घेऊन दोन तास प्रवास केला होता.

आता माझं स्वतःचं छोटं दुकान आहे. पत्रिका, फ्लेक्सची डिझाइनं, ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स. दरवर्षी एक-दोन पोरं-पोरी काम शिकायला येतात. त्यांना पहिल्या आठवड्यात मी जे सांगते ते इथं लिहिते आहे. कॉम्प्युटर क्लासमध्ये हे शिकवत नाहीत असं नाही, पण तिथं ते 'न्यू फोल्डर कसा करावा' एवढ्यावर संपतं आणि पुढं एक्सेल सुरू होतं.

हल्लीच्या पोरांची अडचण माझ्यापेक्षा वेगळी आहे. ती मोबाइलवर वाढलेली. "फाईल कुठं आहे?" विचारलं की उत्तर येतं, "व्हॉट्सॲपला आहे." किंवा "गॅलरीत." मोबाइलमध्ये फोल्डर असतातच, पण ते कुणी दाखवत नाही, ॲप उघडलं की वस्तू समोर येते. कॉम्प्युटरवर तसं चालत नाही. तिथं प्रत्येक फाईल कुठल्या तरी एकाच ठिकाणी ठेवलेली असते आणि ते ठिकाण तुम्हाला माहीत असावं लागतं. वर्ड उघडून त्यात पत्र दिसलं म्हणजे पत्र 'वर्डमध्ये' नसतं. ते डाउनलोड्समध्ये असेल, डॉक्युमेंट्समध्ये असेल, नाहीतर कुणी तरी लावून ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर असेल, आणि तो पेन ड्राइव्ह माणूस संध्याकाळी खिशात घालून घरी नेईल.

म्हणून पहिला धडा असा: फोल्डर उघडला की वरच्या पट्टीवर क्लिक करून पूर्ण पत्ता मोठ्यानं वाचायचा. सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात डेस्कटॉप. (वनड्राइव्ह चालू असेल तर मध्ये त्याचाही फोल्डर येतो.) हे वाचलं की पोरं थबकतात, कारण डेस्कटॉप हा स्क्रीनवरचा फोटो नसून सी ड्राइव्हमधला एक साधा फोल्डर आहे हे त्यांना तेव्हा कळतं. मला ते कळायला विंडोज खराब व्हावं लागलं होतं. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "सी फॉरमॅट मारू? डेटा डीला आहे ना?" मी म्हटलं, "सीमध्ये माझं काही नाही, सगळं डेस्कटॉपवर आहे." त्यानं मारला. पुढचं सांगायला नको.

जाता जाता, ड्राइव्हची नावं सीपासून का सुरू होतात हेही विचारतात. ए आणि बी ही फ्लॉपीच्या खाचांची नावं होती. फ्लॉपी गेल्या, अक्षरं राखीवच राहिली. सेव्हच्या बटणावरचं ते चौकोनी चित्रही फ्लॉपीचंच, १.४४ एमबीची. आज फोनवर काढलेला एक फोटोही बहुतेक वेळा तिच्यात मावणार नाही.

नावांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण त्यात मी पोळले आहे.

आमच्या भागात पाटील किती, हे वेगळं सांगायला नको. नूलच्या पाटलांची पत्रिका मी 'पाटील' नावानं सेव्ह केली. चार दिवसांनी महागावचे पाटील आले, त्यांचीही 'पाटील'. एकच फोल्डर, एकच नाव. विंडोजनं विचारलं, आधीची फाईल बदलू का? गिऱ्हाईक समोर बसलेलं, मी 'यस' दाबलं. नूलची पत्रिका गेली. रिसायकल बिनमध्येही नव्हती, कारण तिथं डिलीट केलेली फाईल जाते, वर दुसरी लिहून पुसलेली जात नाही. रात्री अकरापर्यंत बसून कागदावरच्या प्रूफवरून सगळी पत्रिका पुन्हा उभी केली, आहेर आणू नये या ओळीसकट.

तेव्हापासून नाव असं: आधी तारीख, मग गाव, मग आडनाव, मग काम. तारीख उलटी, म्हणजे वर्ष-महिना-दिवस, आणि महिना-दिवस दोन आकडी. असं केलं की फोल्डरमध्ये फाईली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. मध्ये आडवी रेघ वापरायची. नवीन पोरं हमखास तारखेत तिरकी रेघ घालतात आणि विंडोज नाव घेत नाही. स्लॅश दोन्ही बाजूंचे, कोलन, स्टार, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कमी-जास्तच्या खुणा आणि उभी रेघ, एवढी नऊ चिन्हं फाईलच्या नावात चालत नाहीत. देवनागरीत नाव चालतं, दुकानात मी तसंच ठेवते. पण जी फाईल सरकारी किंवा भरतीच्या साइटवर चढवायची तिचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मोकळी जागा न सोडता ठेवते. काही साइट मराठी नाव बघून रुसतात.

आता प्रकारांकडे. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, मुळात लपवून ठेवतं. ते का लपवतात हे मला आजवर पटलेलं नाही. नवीन मशीन आलं की मी आधी ते उघडं करते: फोल्डर उघडून व्ह्यू, विंडोज ११ असेल तर त्यात शो, आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स'ला टिक. मग 'फोटो'चं 'फोटो डॉट पीएनजी' दिसायला लागतं. शॉर्टकटचं शेपूट मात्र यानंही दिसत नाही, तिथं बाणच ओळखायचा.

शेपूट दिसायला लागल्यावर दुसरी चूक सुरू होते. फॉर्मला जेपीजी पाहिजे, आपल्याकडे पीएनजी आहे, मग एफ-टू दाबून पीएनजीच्या जागी जेपीजी लिहायचं. एका पोरानं तर वर्डच्या बायोडाटाला 'डॉट पीडीएफ' करून पाठवला होता आणि समोरून 'फाईल करप्ट आहे' असा फोन आल्यावर त्याला कंपनीचाच कॉम्प्युटर बिघडलाय असं वाटलं. डब्यावरचं 'साखर' खोडून 'मीठ' लिहिलं तर आत काय बदलणार? पेंटमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी निवडायचं, वर्डमधून पीडीएफ म्हणून सेव्ह करायचं, तेव्हा आतला माल बदलतो.

याला एक अपवाद आहे आणि तो कामाचा आहे. जेपीईजी आणि जेपीजी ही एकच जात. जुन्या डॉसमध्ये नावाला आठ आणि शेपटाला तीनच अक्षरं मिळायची, म्हणून एक अक्षर छाटलं गेलं. विंडोज ९५ नं ती अडचण काढली, पण तीन अक्षरांची सवय राहिली. तेव्हा एखाद्या साइटनं जेपीईजी नाकारलं तर तिथं नुसतं नाव बदललं तरी चालतं.

हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून मी एक खेळ करायला लावते. कुठल्याही पीडीएफची कॉपी घ्या आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. गिचमिड दिसेल, पण अगदी सुरुवातीला टक्क्याची खूण आणि पुढं पीडीएफ अशी अक्षरं असतील. नाव काहीही ठेवा, ती तिथंच राहतात. तसंच वर्डची डॉक्स फाईल उघडली तर सुरुवातीला पी आणि के ही अक्षरं दिसतात. ती फिल काट्झ यांची आद्याक्षरं, झिप फाईल बनवणाऱ्याची. कारण २००७ पासूनची वर्डची फाईल ही आतून झिपच आहे. (नोटपॅडमध्ये चुकूनही सेव्ह दाबू नका, फाईल वाया जाईल. म्हणून कॉपी घ्यायला सांगितली.)

याचा मला रोज उपयोग होतो. शाळेचे सर स्मरणिकेचा मजकूर आणतात आणि सगळे फोटो वर्डमध्येच चिकटवलेले असतात. एकेक फोटो काढत बसण्यापेक्षा त्या फाईलची कॉपी करायची, तिचं शेपूट झिप करायचं आणि उघडायची. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया', आणि त्यात सगळे फोटो ओळीनं बसलेले. हे पहिल्यांदा बघणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पीएनजी आणि जेपीजीतला फरक आमच्या धंद्यात गणपती शिकवतो. पत्रिकेच्या माथ्यावर गणपती लागतोच. पीएनजीमध्ये त्याच्यामागची जागा पारदर्शक ठेवता येते, जेपीजीमध्ये येत नाही. कुणी तो जेपीजी करून आणला की लाल पत्रिकेवर पांढऱ्या चौकोनात बसलेले बाप्पा दिसतात. उलट माणसांच्या फोटोला जेपीजी बरं. ते डोळ्याला चटकन न जाणवणारा तपशील टाकून देतं आणि फाईल हलकी करतं, पण टाकलेलं परत येत नाही. तोच फोटो दहा वेळा उघडून सेव्ह केलात तर कडा मळकट होत जातात. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेला फोटोही असाच पिळून निघालेला असतो. नावात आयएमजी, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि आकडा दिसला की ओळखायचं. फ्लेक्सला तो नको, मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

"फोटो लहान करून द्या" या वाक्याचेही तीन अर्थ होतात. सेंटिमीटरनं लहान, पिक्सेलनं लहान, की केबीनं लहान? आयबीपीएसच्या बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. फोनवरचा फोटो चार एमबीचा असेल तर तो मर्यादेच्या ऐंशी पट झाला, कारण एक एमबी म्हणजे १०२४ केबी. बारीक केलेला फोटो वेगळ्या नावानं सेव्ह करा. मूळ फोटोवरच सेव्ह मारलंत तर पुढच्या वेळी फ्रेम करायला तोच टिकलीएवढा फोटो उरेल.

आणि मराठी डीटीपीवाल्यांसाठी एक खास गोष्ट. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाईल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला की 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. फाईल खराब नसते. अक्षरांचे आकार फॉन्टच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात आणि ती मागं राहिलेली असते, माझ्या पत्रिकेसारखीच. म्हणून छपाईला देताना कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू दाबून अक्षरांचे कर्व्हज, म्हणजे नुसत्या रेषांचे आकार, करायचे. मात्र कर्व्ह झालेल्या अक्षरात चूक दुरुस्त करता येत नाही, ते नुसतं चित्र होतं. तेव्हा दोन फाईली ठेवायच्या, एकीच्या नावात 'कर्व्ह'. नवरदेवाच्या मामाचं नाव शेवटच्या दिवशी बदलतंच.

पेन ड्राइव्हबद्दल दोनच गोष्टी. त्यावरून डिलीट केलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. आणि लग्नाचा मोठा व्हिडिओ भरताना 'जागा नाही' किंवा 'फाईल फार मोठी' असं आलं, पण जागा तर ढीगभर दिसतेय, तर पेन ड्राइव्ह बहुधा एफएटी-३२ चा, म्हणजे फाईली मांडायच्या जुन्या पद्धतीचा, असतो. त्यावर चार जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल बसत नाही. आतलं सगळं बाजूला काढून एक्स-एफएटीनं फॉरमॅट केला की बसते.

गेल्या लग्नसराईत एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मेव्हण्याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपला भाचीच्या लग्नाची पत्रिका आली होती आणि ती काही केल्या दिसेना. "तुमच्याकडंच दिलीय ना ती करायला? नुसतं इन्स्टॉल करा म्हणतंय. करू काय?"

"काका, काही दाबू नका. आधी नाव वाचा, अगदी शेवटपर्यंत."

"विवाह निमंत्रण... डॉट... ए, पी, के."

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप. पत्रिका जेपीजी असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ असतो. तिला इन्स्टॉल करावं लागत नाही. मी त्यांना ते डिलीट करायला आणि मेव्हण्यांना साधा फोन लावून त्यांचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या हातात गेलंय हे सांगायला सांगितलं. फोन ठेवता ठेवता काकांनी विचारलं, "मग खरी पत्रिका कुठाय?"

खरी डी ड्राइव्हवर होती. कर्व्ह केली नव्हती, कारण मामांचं नाव अजून ठरायचं होतं.