रविवारच्या उपदेशासाठी पुस्तकं कशी वापरावीत

चर्चचे पाळक गावाला गेले की रविवारच्या उपदेशाची जबाबदारी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांवर, तरुण संघातल्या कुणावर किंवा महिला मंडळातल्या एखाद्या ताईंवर येते. ठाण्यातल्या मराठी मंडळ्यांत हे नेहमीचंच आहे. वेळ थोडा असतो, म्हणून कपाटातलं पुस्तक काढून त्यातली चार पानं जवळजवळ जशीच्या तशी वाचली जातात, आणि ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला कळतं. पुस्तक हवंच. पण ते कधी उघडायचं आणि त्यातलं किती घ्यायचं, हे आधी ठरलेलं असावं.

पहिले दोन दिवस फक्त शास्त्रपाठ, म्हणजे उपदेशासाठी घेतलेला बायबलचा भाग, वाचा. उदाहरणादाखल उधळ्या पुत्राचा दृष्टांत घेऊ: लूक १५:११ ते ३२. धाकटा मुलगा वडिलांकडून आपला वाटा मागून घेतो, तो उधळतो आणि डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परततो; वडील धावत जाऊन त्याला कवटाळतात, आणि थोरला मुलगा रागावतो. हा दृष्टांत रोज एकदा मोठ्याने वाचा, आणि सुरुवात अध्यायाच्या पहिल्या वचनापासून करा. कुरकुर करणारे परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे यहुदी, तिथेच भेटतात. येशू ही गोष्ट त्यांना सांगतो आहे, हे सुटलं की थोरला मुलगा गोष्टीत कशाला आला तेच कळत नाही. उपदेश मग चोविसाव्या वचनाला संपतो आणि दृष्टांत अर्धाच राहतो. ही चूक फार होते.

बायबल सोसायटीच्या ‘पवित्र शास्त्रा’सोबत दुसरं एक भाषांतर शेजारी ठेवा. १९२४ साली छापलं गेलेलं पंडिता रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर उत्तमच. साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून त्यांनी ते मूळ भाषांवरून केलं होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ कॅथलिक नसलेल्यांनीही जवळ ठेवावं. दोन भाषांतरांत जिथे शब्द वेगळे पडतात तिथे पेन्सिलीने खूण करा. वहीत आठ-दहा प्रश्न उतरवा: धाकट्याला वाटा किती मिळाला असेल? डुकरंच का? वडील धावले यात विशेष काय?

आता टीकाग्रंथ, म्हणजे बायबलच्या वचनांचा अर्थ उलगडणारं पुस्तक, उघडा, पण केवळ या प्रश्नांसाठी. उत्तर सापडलं की पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर दोन ओळींत लिहा, खाली पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक टाका. जाड ग्रंथ लोकलमध्ये उघडता येत नाही, म्हणून हवी ती दोन-तीन पानं झेरॉक्स करून घ्या. ठाण्याहून सीएसएमटीला धीम्या गाडीने जवळजवळ तास लागतो. बसायला मिळालं तर तेवढ्यात एक प्रश्न मार्गी लागतो.

या पाठातून कार्डावर येण्यासारखं बरंच आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या २१:१७ प्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा, म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. लेवीय ११:७ प्रमाणे डुक्कर अशुद्ध. सोळाव्या वचनात डुकरं शेंगा खातात; शेंगा म्हटलं की आपल्याकडे भुईमूग डोळ्यांसमोर येतो. या शेंगा कॅरोब नावाच्या झाडाच्या, गुराढोरांना घालायच्या. मुलगा एकोणिसाव्या वचनात ‘मला मजुरासारखं ठेवा’ असं मनाशी ठरवतो, पण एकविसाव्यात ते वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधीच वडील चाकरांना झगा आणायला सांगतात. हे शेवटचं निरीक्षण एकट्यानेच उपदेश पेलू शकतं. असं एक मिळालं की बाकीची कार्डं निम्मी बाजूला ठेवा. जमवलेलं सगळं सांगायचा मोह झाला की मधला धागा हरवतो.

खरी मेहनत पुढे आहे: पुस्तकाची भाषा बोलीत आणणं. बरेचसे टीकाग्रंथ इंग्रजीत किंवा इंग्रजीवरून उतरवलेल्या मराठीत आहेत. विसाव्या वचनात वडिलांना ‘कळवळा’ आला. मूळ ग्रीक शब्दाचं नातं आतड्यांशी आहे, हे समजवायला इंग्रजी ग्रंथ परिच्छेद खर्च करतो. मराठीत ‘आतडं पिळवटलं’ एवढं म्हटलं की शेवटच्या बाकावरच्या आजींनाही ते पोचतं. आपल्या भाषेची अशी देणगी प्रत्येक पाठात एखादी तरी सापडते. ती शोधल्याशिवाय लिहायला बसू नका. पुस्तकातले बर्फाचे, बेसबॉलचे दाखले सरळ वगळा. तारण, अनुग्रह, नीतिमान ठरवणं हे शब्द ठेवा, पण पहिल्यांदा येतील तिथे एका साध्या वाक्यात उलगडा. बाकांवर अहिल्यानगर-जालन्याकडून आलेली कुटुंबं असतात आणि देवनागरी अडखळत वाचणारी त्यांची नातवंडंही.

लिहिताना मिनिटाला शंभर शब्दांचा हिशेब धरा. पंधरा मिनिटांसाठी तेराशे शब्द पुरेत. उरलेला वेळ थांबण्यात आणि वचन पुन्हा वाचण्यात जातो. शनिवारी घड्याळ लावून उभं राहून वाचा. जीभ जिथे अडते ते वाक्य लांब आहे, त्याची दोन करा. जून-जुलैत पत्र्याच्या छताखाली उपासना असेल तर सरीच्या आवाजात वाक्यं बुडतात. मुख्य मुद्दा दोनदा येईल असं लिहा.

अवतरणांबाबत कडक राहा. ‘सुवार्ता सांगा, गरज पडली तर शब्द वापरा’ हे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर सर्रास फिरतं, पण त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. ज्याचं पान दाखवता येत नाही ते अवतरण घेऊ नका, आणि दुसऱ्याचा विचार सांगताना त्याचं नाव मोठ्याने घ्या. जुन्या कॅथलिक ग्रंथातला स्तोत्राचा संदर्भ तपासून घ्या. तिथे बऱ्याच स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे असतो, आपलं तेविसावं तिथे बाविसावं.

उपासनेनंतर वापरलेल्या कार्डांवर तारीख आणि मंडळीचं नाव लिहा, आणि बायबलच्या पुस्तकांच्या क्रमाने डब्यात लावा. बाजूला ठेवलेली कार्डंही त्याच डब्यात जाऊ द्या. थोरल्या भावावर वेगळा उपदेश करायचा झाला, तर ती लागतील.