वणव्यानंतर या चुका टाळा

फेब्रुवारीत डोंगर पेटायला लागले की त्याच त्या चुका पुन्हा सुरू होतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी: ‘आग निसर्गाला हवीच असते.’ दाखला अमेरिकेतल्या यलोस्टोनचा. 1988 साली त्या उद्यानाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आगीत सापडला. तिथल्या लॉजपोल पाइनचे बरेच शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात; धगीने ते उघडतात आणि बी राखेत पडतं. पण तशी मोठी आग तिथे पिढ्यान्‌पिढ्यांतून एकदा येते. सह्याद्रीत वीज पडते ती बहुधा पावसासोबत. इथले वणवे बहुतेक माणसाने लावलेले, आणि कित्येक उतारांवर दरसाल. साग, पळस, टेंभुर्णी होरपळूनही मुळातून फुटतात. पण त्या फुटव्याला वाढायला काही वर्षं सलग आगीविना मिळायला हवीत. सदाहरित राईतल्या पातळ सालीच्या झाडांना तर एक वणवासुद्धा भारी पडतो.

‘जाळलं की गवत जोमाने येतं’ हेही अर्धवट. कोंब लवकर दिसतात, पण नत्र धुरावाटे जातं आणि उघडी माती पहिल्या पावसात ओढ्याला लागते.

मला सर्वांत संताप येतो तो राख गार व्हायच्या आत खड्डे खणणाऱ्यांचा. भोरकडच्या एका जळालेल्या उतारावर एका हौशी गटाने मे महिन्यात गिरिपुष्प लावायला खड्डे घेतले. पाऊस होईपर्यंत थांबा म्हणून मी परोपरीने सांगितलं. त्यांना फोटोची घाई होती. कुदळीखाली गवताचे थोंब उपटले गेले, पळसाची जिवंत मुळं तुटली. जूनमध्ये खड्ड्यांची भुसभुशीत माती रोपांसकट खाली आली. शेजारच्या न खणलेल्या पट्ट्यात थोंब हिरवे झाले होते आणि त्यांच्यामधून पळसाची लवदार, तीन-तीनच्या जोडणीतली पानं वर आली होती.

मी बुंध्याशी कोयत्याच्या टोकाने साल जराशी खरवडतो. आत ओल आणि हिरवेपणा असला तर झाड जिवंत. त्याला चुन्याची खूण. एक पावसाळा गुरं बाहेर ठेवायची, रोप एकही लावायचं नाही. गवत वाळलं की वनखात्याच्या मागे लागून जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, वेळेत काढून घ्यायची.

विझवायला जाताना: आगीच्या वरच्या अंगाला कधीही उभे राहू नका, ती चढावर पळते. नायलॉनचे कपडे नकोत. ज्वाळा गेल्या म्हणून लगेच उतरू नका. ओंडके आणि वाळलेलं शेण रात्रभर धुमसतं.