काजू-आंब्याच्या बागेतला वणवा: या चुका टाळा

कोकणात बागा जळाल्याच्या बातम्या फेब्रुवारीपासून यायला लागतात, पण त्यांची तयारी ऑक्टोबर-नोव्हेंबरातच झालेली असते. पाऊस गेला की सड्यावर (कातळाच्या माळावर) कमरेएवढं गवत उभं असतं. दिवाळीनंतर ते वाळतं, बागायतदार मोहोराच्या फवारणीत अडकतो आणि बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, मागे पडते.

गवत कापून तिथंच टाकणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते. ग्रासकटर फिरवल्यावर बाग साफ वाटते, पण कापलेलं गवत वाळून जमिनीवर तसंच पसरलेलं असतं. आडव्या गवतातल्या ज्वाळा बुटक्या असतात एवढंच, आग पुढे सरकायची थांबत नाही. बागेभोवतीची जाळरेषा म्हणजे माती दिसेपर्यंत खरडलेला, निदान 10-12 फुटांचा पट्टा. तो एकदा मारून भागत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा पातेरा (वाळका पालापाचोळा) पडतो, तो परत ओढावा लागतो.

मजूर मिळत नसतील किंवा पैसे कमी असतील, तर चारही बाजू अर्धवट करण्यापेक्षा दोन बाजू नीट करा: पश्चिमेची आणि उताराखालची. दुपारी वारा समुद्राकडून येतो, आणि आग चढावर पळते. दर 10 अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे.

बागेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चिरा जळत नाही हे खरं, पण गडग्याला टेकून रानमोडी आणि घाणेरीची झुडपं माजलेली असतात. ती पेटली की ठिणग्या आरामात पलीकडे पडतात.

आच्छादन खोडापर्यंत नेणं

इथे दोन चांगले सल्ले एकमेकांच्या आड येतात. ओल टिकवण्यासाठी झाडाभोवती पातेऱ्याचं आच्छादन करा, असं सांगतात. ते योग्यच आहे, पण उन्हाळ्यात वाळलेला पातेरा खोडाला टेकला की आग थेट सालीपाशी जाते. काजूची साल ती धग सोसत नाही. म्हणून खोडाभोवती दोन-तीन फूट जमीन मोकळी ठेवा. ठिबकने ओलं राहणारं आच्छादन ठेवायला हरकत नाही. बाकीचा पातेरा चरात किंवा खड्ड्यात घालून त्यावर माती टाका. काजू वेचायलाही स्वच्छ जमीन लागतेच, तेव्हा ही मेहनत दुहेरी कामी येते. झाडाखालीच पातेरा जाळून "साफसफाई" करणारे लोक अजून आहेत, त्यांना काय म्हणावं!

"कोणीतरी मुद्दाम लावली"

कधी तसंही असतं. पण पुष्कळदा कारण साधं निघतं: भाताच्या तरव्यासाठी (रोपांसाठी) जमिनीवर पालापाचोळा जाळून केलेली भाजावळ हाताबाहेर गेली, कोणी विडी टाकली, शिकारीसाठी रान पेटवलं, नाहीतर लोंबकळणाऱ्या वीजतारा वाऱ्याने एकमेकींना लागल्या. भाजावळ करायची तर पहाटे, वारा पडलेला असताना, शेजाऱ्याला सांगून आणि पाण्याची सोय ठेवून करा. तारा झोळल्या असतील तर डिसेंबरातच वीज कंपनीला लेखी अर्ज द्या आणि पोचशिक्क्याची प्रत जपून ठेवा.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे शेजारची पडीक जमीन. मालक मुंबईला, गवत इथं. तो गणपतीला गावी येतो तेव्हाच शिवेलगत त्याच्या बाजूलाही पट्टा मारायची परवानगी घेऊन ठेवा.

आग लागल्यावर

आगीच्या तोंडासमोर किंवा तिच्या वरच्या चढावर उभं राहू नका. जळून गेलेल्या बाजूने या आणि कडेकडेने ओल्या टाळांनी (पानांच्या फांद्यांनी) आग दाबत पुढच्या टोकाकडे सरका. अंगात सुती कपडे घाला, नायलॉन अंगाला चिकटतं. फवारणीचा पंप असेल तर पाणी ज्वाळेवर न मारता बुडाशी मारा. समोरून उलटी आग लावण्याचा मोह अनेकांना होतो. साफ पट्टा आणि जाणती माणसं नसतील, तर त्या भानगडीत पडू नका, दोन वणवे होतात. वणवा वनहद्दीत असेल तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

ज्वाळा गेल्या म्हणून सगळ्यांनी घरी जाऊ नये. जुने खुंट आणि वाळकी मुळं आतून धुमसत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला की तीच आग परत उठते. खुंट उकरा, पाणी घाला आणि रात्री राखण ठेवा.

जळलेली झाडं घाईने तोडणं

आधी फोटो आणि पंचनामा, मग साफसफाई. तलाठी आणि कृषी सहायक येण्याआधी झाडं तोडली तर नुकसान दाखवायचं कसं? आग वीजतारांमुळे लागली असेल तर विद्युत निरीक्षकांकडून पाहणी करून घ्या, भरपाईचा दावा त्यावर उभा राहतो.

पानं करपली म्हणजे झाड मेलं असं नाही. साल थोडी खरवडून पाहा. आत हिरवं, ओलं असेल तर पावसापर्यंत थांबा. मेलेल्या फांद्या तेवढ्या काढा आणि कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. भाजलेल्या काजूच्या झाडात रोठा (खोड पोखरणारी कीड) शिरतो, म्हणून बुंध्याशी भुसा पडतोय का यावर लक्ष असू द्या.

लहान हापूस कलमांना पावसाळ्यात फुटवे आले की बरं वाटतं, पण फुटवा कलमाच्या जोडाच्या खालून आला असेल तर तो रायवळाचा, म्हणजे खालच्या गावठी आंब्याचा. तो तसाच वाढवू नका. त्यावर पुन्हा हापूसची काडी बांधा, नाहीतर तिथे नवं कलम लावा.