ठणका थांबला तरी दाढ दाखवा

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात मी १७ वर्षं असिस्टंट आहे. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून लाळ ओढणारी सक्शनची नळी धरायची, दात आतून साफ करायच्या सुईसारख्या फायली हातात द्यायच्या आणि घाबरलेल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवायचा, हे माझं काम. रूट कॅनॉल म्हणजे दाताच्या आतली खराब नस काढून, मुळातल्या नळ्या साफ करून भरणं. त्याबद्दलच्या शंका लोक डॉक्टरांना विचारत नाहीत, भीड वाटते. डॉक्टर हात धुवायला वळले की हळूच मला विचारतात, "ताई, फार दुखतं का हो?"

त्याचं उत्तर पुढे देतेच. पण आधी एक गोष्ट ऐका. दाढ बरी झाली की नाही, हे दुखण्यावरून ठरवू नका.

कळव्याहून एक काकू यायच्या. आठवडाभर रात्र रात्र जागून काढली होती त्यांनी. एक्स-रे काढला, कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेली दिसली, दोन दिवसांनंतरची वेळ दिली. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला, "ठणका एकदम थांबला बघ, आता नाही येत." चार महिन्यांनी आल्या तेव्हा गाल सुजून डोळ्याखालपर्यंत आला होता.

झालं काय होतं? दाताच्या मधोमध नस असते, म्हणजे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. कीड तिथे पोचली की नस सुजते. बोट सुजलं तर कातडी ताणते, पण दात कडक, आतल्या सुजेला फुगायला जागाच नाही. म्हणून तो जीवघेणा ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून तो रात्री जास्त. मग एक दिवस नस मरते आणि दुखणं थांबतं. जंतू मात्र थांबत नाहीत. मुळाच्या टोकातून ते हाडात उतरतात आणि तिथे पू धरतो.

गार पाण्याने क्षणभर कळ आली आणि लगेच गेली, तर बहुतेक वेळा सिमेंट भरून भागतं. कळ बराच वेळ रेंगाळली, गरम चहाने वाढली, झोपेतून उठवलं, किंवा हिरडीवर पुटकुळी येऊन पू यायला लागला, तर रूट कॅनॉलची वेळ आली असं समजा. आणि सूज डोळ्याकडे किंवा जबड्याखाली पसरत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

तोवर घरी काय करावं? कापसाला लवंगेचं तेल लावून थोडा वेळ धरलं तर चालेल. ॲस्पिरिनची गोळी हिरडीशी दाबून ठेवू नका, हिरडी भाजून पांढरी पडलेली मी कितीदा पाहिली आहे. सुजलेला गाल शेकू नका. आणि केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून खात बसू नका. मेलेल्या नसेत रक्तच पोचत नाही, तर रक्तातलं औषध तिथे कुठून पोचणार? ते कधी द्यायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

येताना जेवून या. डायबेटिसची, बीपीची औषधं नेहमीसारखी घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, दिवस गेलेले असतील, तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जुने एक्स-रे आणि औषधांच्या चिठ्ठ्या पिशवीत टाका.

आता दुखण्याचं. बधिर करायचं इंजेक्शन नीट लागलं की दुखत नाही, फक्त दाबल्यासारखं वाटतं. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागे इंजेक्शन देतात, तेव्हा अर्धा ओठ जड व्हायला हवा. फार सुजलेली नस मात्र कधीकधी एका इंजेक्शनला दाद देत नाही. अशा वेळी दात आवळून सोसू नका. डावा हात वर करा. डॉक्टर थांबतात आणि आणखी औषध देतात. सोसण्यात शहाणपण नाही, हे मी प्रत्येकाला सांगते, विशेषतः आजीमंडळींना. त्या तक्रार करायला लाजतात.

मग दातावर रबराचा पातळ पडदा लावतात. फक्त तो एक दात बाहेर दिसतो. लाळेतले जंतू आत जाऊ नयेत आणि बारीक फाइल घशात जाऊ नये म्हणून तो असतो. गुदमरल्यासारखं वाटलं तर नाकाने सावकाश श्वास घ्या. दवाखान्यात हा पडदा वापरतात का, हे आधी जरूर विचारा.

दाढेच्या मुळांत नस असते त्या साधारण ३ किंवा ४ नळ्या असतात, पुढच्या दाताला बहुतेक एकच. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी इतकी लपलेली असते की डॉक्टर ती शोधण्यात बराच वेळ घालवतात. वेळ लागला तर काही बिघडलं असं समजू नका. सगळ्यात आधी मी जांभळ्या मुठीची १० नंबरची फाइल देते, तिचं टोक ०.१० मिलीमीटरचं. मशीन टूं टूं करतं ते नळीची लांबी मोजताना. स्विमिंग पूलसारखा वास येतो तो नळी धुवायच्या औषधाचा. शेवटी कागदाच्या बारीक काड्या आत घालून नळी कोरडी करतात. काडी बाहेर आली की डॉक्टर ती दिव्याखाली धरतात. कोरडी असेल तर गुट्टा पर्चा, म्हणजे रबरासारखा गुलाबी पदार्थ, भरून नळी बंद. ओली किंवा रक्ताळलेली आली तर आत औषध ठेवून पुढची तारीख. कुणाचं काम एका सिटिंगमध्ये होतं आणि कुणाचं तीनमध्ये, ते या काडीवरूनही ठरतं.

ओठाचा जडपणा जाईपर्यंत काही खाऊ नका, गाल चावला जातो आणि कळत नाही. दोन-तीन दिवस चावताना दुखेल, ते सांगितलेल्या गोळीने आटोक्यात राहतं. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं किंवा सूज आली तर फोन करा.

इथे माझ्या वडिलांचं सांगते. त्यांच्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, वर तात्पुरतं सिमेंट होतं आणि कॅपचं, म्हणजे दाढेवर बसवायच्या टोपीचं, माप द्यायला पंधरा दिवसांनी बोलावलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून ते "गणपती होऊ दे", मग "दिवाळी होऊ दे" करत राहिले. मी याच कामात असून त्यांना ओढून नेलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. दिवाळीत चकली चावली आणि दाढ मुळापर्यंत उभी चिरली. तशी दाढ वाचत नाही, काढावीच लागली. कीड आणि नळ्यांपर्यंत पोचायला वरून पाडलेलं भोक यांत दाढेचा बराच भाग गेलेला असतो. उरलेल्या भिंती पातळ असतात, म्हणून मागच्या दाढांना बहुतेक वेळा कॅप लागतेच. तात्पुरतं सिमेंट झिजतं, त्याच्या कडेने लाळ शिरते आणि आतलं स्वच्छ केलेलं काम पुन्हा नासतं.

म्हणून खर्च विचारताना कॅप धरून विचारा. एक्स-रे, सिटिंग, कॅप, सगळं मिळून किती? पैशांची अडचण असेल तर दाढ काढून मोकळं होण्याआधी डेंटल कॉलेज बघा. नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघरला आहेत, मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी आहे. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, फेऱ्या होतात, पण खर्च कमी येतो.

कॅप बसली की त्या दाढेने नेहमीसारखं खा. कॅपच्या कडेला, हिरडीपाशी, ब्रश नीट फिरवा, कारण कीड आता तिथूनच शिरते. नस नसल्यामुळे दाढ ठणकणार नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवून घ्या. कॅप हलायला लागली किंवा निघून हातात आली, तर धुऊन डबीत घाला आणि घेऊन या. घरच्या फेविक्विकने चिकटवू नका.