दालचिनीचे तारे: वरचा थर पांढराच राहायला हवा

नाताळाआधीच्या चार आठवड्यांत जर्मन घरांतून बिस्किटांचे डबे भरायला लागतात आणि त्यात त्सिम्टश्टेर्न, म्हणजे दालचिनीचे तारे, असतातच. ते मूळचे दक्षिणेकडच्या श्वाबेन भागातले. बदाम, साखर, अंड्याचा पांढरा भाग आणि दालचिनी, बास. जर्मनीतल्या खाद्यपदार्थांच्या मार्गदर्शक निकषांनुसार या नावाने विकायच्या बिस्किटात किमान 25 टक्के बदाम लागतात आणि पीठ 10 टक्क्यांच्या वर चालत नाही. घरी करताना पीठ शून्य. "गोळा चिकटतोय, थोडा मैदा घाला" हा सल्ला जिथे दिसेल तिथे ती पाककृती बंद करावी. मैद्याने तारा कोरडा आणि भुसभुशीत होतो, आतला मऊ, चिवट गर जातो, आणि हे बिस्किट त्या गरासाठीच करायचं असतं.

साधारण 45 तारे होतील एवढं साहित्य: सालीसकट बदाम 400 ग्रॅम, पिठीसाखर 250 ग्रॅम, अंड्याचा पांढरा भाग 100 ग्रॅम, दालचिनी पूड 10 ग्रॅम, लिंबाचा रस 1 छोटा चमचा, चिमूटभर मीठ. तिकडे यात चमचाभर किर्शवासर, म्हणजे चेरीची दारू, घालतात. नसेल तर काही अडत नाही.

अंडी मोजू नका, वजन करा. जर्मन पाककृतीतलं "मध्यम" अंडं 53 ते 63 ग्रॅमचं असतं, आपल्याकडचं बहुतेक वेळा त्याहून लहान. "तीन अंडी" असं वाचून तीन फोडली तर पांढरा भाग कमी पडतो आणि गोळा लाटताना फुटतो.

दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, एकात एक गुंडाळलेली घ्या. कोकणातल्या बागांमधली याच जातीची असते. बाजारात सर्रास मिळणारी जाड, कडक साल म्हणजे कॅशिया. तिच्यात कूमारिन नावाचं नैसर्गिक द्रव्य बरंच असतं, आणि मोठ्या प्रमाणात ते यकृताला चांगलं नाही. म्हणूनच युरोपात दालचिनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सणासुदीच्या बेकरी पदार्थांना किलोमागे 50 मिलिग्रॅम कूमारिनची मर्यादा आहे.

बदाम अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून, दोन चमचे पिठीसाखर घालून, मिक्सर थांबत थांबत फिरवून दळा. सलग फिरवला तर बदाम तापतात, तेल सुटतं आणि लगदा होतो. पूड रव्याइतकी बारीक हवी. भरड राहिली तर ताऱ्याची टोकं कापताना तुटतात.

आता पांढरा भाग मिठासह घट्ट फेटा. साखर चाळून चमच्या-चमच्याने घाला, शेवटी लिंबाचा रस. फेस चकचकीत झाला की त्यातला 90 ग्रॅम वरच्या पांढऱ्या थरासाठी वाटीत काढून झाकून ठेवा. हे आधी करायचं, बदाम घातल्यावर आठवून उपयोग नाही. उरलेल्या फेसात 350 ग्रॅम बदाम पूड आणि दालचिनी मिसळा. गोळा हाताला चिकटेल, चिकटू द्या. तासभर फ्रीजमध्ये. मग दोन बटर पेपरमध्ये 1 सेंटिमीटर जाड लाटा. त्याहून पातळ लाटलेले तारे कडक होतात. भुरभुरायला राखून ठेवलेली 50 ग्रॅम बदाम पूडच वापरा.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. बिघडतं ते वरच्या पांढऱ्या थरात.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचा दाटपणा. चमचा उचलल्यावर थर जाड पट्टीसारखा पडावा आणि ती पट्टी दहा सेकंदांत वाटीत विरून जावी. लगेच विरली तर भाजताना कडेवरून ओघळेल. चाळलेली पिठीसाखर थोडी थोडी वाढवा. विरलीच नाही तर लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब. आणि वाटीतला फेस चमच्याने सावकाश ढवळून मोठे बुडबुडे बसवा, नाहीतर भाजल्यावर वर खड्डे दिसतात. पुन्हा बीटर लावायचा नाही.

दुसरं, थर कधी द्यायचा. लाटलेल्या अख्ख्या पोळीवर तो पसरून मग तारे कापायची एक पद्धत आहे. त्यासाठी मधून उघडणारे साचेही मिळतात, नाहीतर तारा साच्यातच अडकतो. कडा सुरेख येतात, पण उरलेल्या कातरणात ओला थर मिसळतो आणि दुसऱ्यांदा लाटायचा गोळा पार चिकट होतो. घरी आधी तारे कापणंच बरं. साचा दर वेळी थंड पाण्यात बुडवून झटका. तारे ट्रेवर मांडले की छोट्या ब्रशने थर मधोमध ठेवा आणि दातकाडीने पाचही टोकांपर्यंत ओढत न्या. वेळ लागतो, पर्याय नाही. कडेपासून केसभर आत थांबायचं. खाली ओघळलेला थर ट्रेला चिकटतो आणि आधी तोच तपकिरी होतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, उष्णता. "180 अंशांवर 10 मिनिटं" असं लिहिणाऱ्याने पांढरे तारे केलेले नसावेत. त्या तापमानाला अंड्यातली प्रथिनं आणि साखर मिळून रंग धरतात आणि थर बदामी होतो. हे भाजणं नव्हे, वाळवणं आहे. ओव्हन 140 अंशांवर, पंखा बंद, ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत, 14 ते 16 मिनिटं. ओटीजी असेल तर फक्त खालची कांडी चालू ठेवा. तरीही दहाव्या मिनिटाला पिवळट झाक दिसली तर वरच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवा, वरून येणारी धग अडते.

भाजण्याआधी तारे रात्रभर उघड्यावर वाळवायची पद्धत जुनी आहे आणि हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या कोरड्या घरात ती चालते. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत सकाळपर्यंत थर ओलाच राहतो. तिथे हा नाद सोडा.

बाहेर काढताना तारा खालून मऊ लागलाच पाहिजे. बोट दाबून "कच्चा राहिला" म्हणत आणखी पाच मिनिटं ठेवला की दुसऱ्या दिवशी दात लागत नाहीत. ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्या, गरम उचलला तर मोडतो.

पत्र्याच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, तीनेक आठवडे टिकतात. दोन-तीन दिवसांनी चव मुरते. कडक वाटले तर डब्यात सफरचंदाची फोड एक दिवस ठेवून काढून घ्या, जास्त राहिली तर बुरशी येते. उरलेल्या पिवळ्या बलकांची जर्मन घरांत व्हॅनिलाची चंद्रकोरी बिस्किटं होतात. त्यात मैदा आणि लोणी हवं तेवढं घाला.