ट्रकचं डिझेल वाचवायचंय? मग आधी या चुका टाळा

ऍव्हरेज पडलं की ड्रायव्हर आधी पंपावर संशय घेतो, मग इंजिनवर, मग रस्त्यावर. स्वतःच्या उजव्या पायाकडे कोणी बघतच नाही. नवीन पोरांना शेजारी बसवून शिकवताना मला दरवेळी त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

उतारावर न्यूट्रल करणं

ही चूक बघितली की माझं डोकंच फिरतं. "उतार आहे, गाडी आपोआप पळतेय, मग इंजिन कशाला ओढायचं," असं म्हणून गाडी मोकळी सोडतात. अरे, गाडी गिअरमध्ये असताना ऍक्सिलरेटरवरून पाय काढला ना, की चाकंच इंजिन फिरवतात आणि इलेक्ट्रॉनिक इंजिनात इंजेक्टर डिझेल सोडायचंच बंद करतो. म्हणजे खर्च शून्य. न्यूट्रल केलं की इंजिनला चालू राहायला स्वतःचं डिझेल जाळावं लागतं. वाचवायला गेलात आणि उलट जास्त घालवलंत.

आणि डिझेलचं जाऊ द्या, जीवाचं काय? मी नवीन असताना भरलेली गाडी घेऊन घाट उतरत होतो आणि एका जुन्या ड्रायव्हरचं ऐकून न्यूट्रल केलं. पहिली दोन वळणं छान वाटलं. तिसऱ्या वळणाला ब्रेक दाबला तर पूर्वीसारखा लागेना, सारखा सारखा दाबून ब्रेकच्या टाकीतली हवा पण कमी व्हायला लागली आणि बझर वाजायला लागला. गिअर टाकायला गेलो तर वेग इतका वाढलेला की गिअर बसेना, नुसता खरखर आवाज. पुढे रस्ता थोडा चढाला लागला म्हणून गाडी थांबली, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. खाली उतरलो तर चाकांच्या ब्रेक ड्रममधून धूर येत होता. पाणी टाकलं नाही कारण तापलेला ड्रम तडकतो, दोन तास तसाच बसून राहिलो. ब्रेकचे लायनर जळून गेले होते, म्हणजे वाचवलेल्या डिझेलच्या कितीतरी पट खर्च झाला.

तेव्हापासून माझी सवय अशी: उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर कमी करायचा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लावायचा आणि पायाचा ब्रेक फक्त वेग वाढायला लागला की थोडा वेळ नीट दाबून सोडायचा. काही नव्या ऑटोमॅटिक गाड्या हलक्या उतारावर स्वतःहून गिअर सोडतात, पण तिथे कॉम्प्युटर प्रत्येक क्षणी वेग बघत असतो. हाताने तसं करायला जाऊ नका.

सिग्नलपर्यंत पळवायचं आणि मग ब्रेक मारायचा

समोर लाल दिवा दिसतोय, तरी पोरगं ऍक्सिलरेटर दाबूनच आहे. पोचून करणार काय, थांबणारच ना? भरलेली गाडी शून्यातून उठवायला जेवढं डिझेल लागतं तेवढं एरवी सपाट रस्त्यावर कधीच लागत नाही, आणि तो सगळा जोर तुम्ही ब्रेक दाबून ड्रम तापवण्यात घालवता. लांबूनच पाय काढा, गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्या, कितीदा तरी १५-२०च्या वेगात पोचेपर्यंत दिवा हिरवा होतो. मी पुढच्या गाडीकडे बघत नाही, तिच्या पुढच्या चौथ्या गाडीकडे बघतो. तिथे ब्रेकलाइट लागला की माझा पाय वर.

चढालाही तेच. माथा यायच्या थोडं आधीच पाय हलका करायचा, पलीकडचा उतार गाडीला ओढतोच. वर पोचेपर्यंत दाबून ठेवायचं आणि लगेच ब्रेक मारायचा, हे मला बघवत नाही.

८० सोडून ९०

वेग ८० वरून ९० केला की हवेचा रोध सव्वापटीच्या वर जातो. आणि २०० किलोमीटरमध्ये वाचतात किती मिनिटं? जेमतेम १७, ती पण रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. घाई करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा.

बाकीच्या चुका

उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवू नका, मोठी गाडी तासाला २ ते ३ लिटर नुसतीच पिते. लांबून जोरात चालवून आलात तर टर्बो (इंजिनात हवा ढकलणारा पंखा) थंड व्हायला इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवलं तरी पुरे.

गिअर लवकर बदला, आरपीएमचा (इंजिन किती वेगाने फिरतंय त्याचा) काटा हिरव्या पट्ट्यात ठेवा. इंजिन किंचाळतंय म्हणजे ताकद मिळतेय असं नसतं.

टायरची हवा थंड असतानाच गेजने बघा. लाथ मारून, काठी आपटून काही कळत नाही.

ताडपत्री फडफडत असेल तर थांबून घट्ट बांधा.

डिझेलच्या पाइपला लावायची चुंबकं, टाकीत टाकायच्या जादूच्या बाटल्या, यांच्यावर पैसे घालवू नका. हे शॉर्टकट विकणारेच त्यात कमावतात.

आणि डॅशबोर्डवरच्या ऍव्हरेजवर भरवसा ठेवून बसू नका. मी टाकी फुल टू फुल करतो, शक्यतो त्याच पंपावर, आणि वहीत किलोमीटर, लिटर, माल किती टन होता आणि रस्ता घाटाचा की सपाट, सगळं लिहितो. एका ट्रिपवरून काहीच ठरवू नका, निदान पाच-सहा ट्रिपा लिहा, मग एकच सवय बदला आणि परत तेवढ्याच ट्रिपा लिहा.