पान पिवळं पडलं की लगेच खत? कुंडीतल्या झाडांच्या या चुका टाळा

पान पिवळं पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "कुठलं खत घालू?" कुंडीत बोट घालून पाहिलंत का, असं उलट विचारलं की समोर शांतता. मिरची असो, लिंबू असो की मोगरा, घरच्या कुंडीत पिवळ्या पानाच्या मागे बहुतेक वेळा पाण्याचा घोळ असतो. खताचा नंबर त्यानंतर. तरीही लोक पुडीच आधी फोडतात, कारण पुडी फोडली की काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

घड्याळ बघून पाणी घालणे

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावरच जास्त वेळ घालवू. "रोज सकाळी एक तांब्या" हा नियम माणसाच्या सोयीचा आहे, झाडाच्या नव्हे. मे महिन्यात पश्चिमेच्या बाल्कनीत 12 इंची कुंडीतली मिरची दिवसाला दोन लिटर पाणी सहज पिते. तीच कुंडी जुलैच्या झडीत आठवडाभर पाण्याशिवाय मजेत राहते.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकरी वाफसा येईपर्यंत थांबतो तो याचसाठी: मातीत ओल आहे, पण कणांमधल्या फटीत हवाही खेळते आहे. कुंडीत रोज पाणी ओतलं की त्या फटी कायम भरलेल्या राहतात, मुळं गुदमरतात आणि मग कुजवणाऱ्या बुरशीला रान मोकळं मिळतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून माती चिंब ओली असूनही झाड मान टाकतं. इथेच नवखा माणूस फसतो. झाड सुकलेलं दिसतं, म्हणून तो आणखी पाणी घालतो.

दर पावसाळ्यात ठिकठिकाणी घडणारा प्रकार बघा. जूनमध्ये नर्सरीतून दीड फुटाचं कलमी लिंबू येतं. "पुन्हा कुंडी बदलायला नको" म्हणून ते थेट 18 इंची ड्रममध्ये बसतं. एवढ्याशा मुळांना एवढ्या मातीतलं पाणी संपवता येत नाही. वरून पाऊस, शिवाय सवयीचा तांब्या. तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी. शेजारी सांगतात डीएपी हे रासायनिक खत घाला, दोन चमचे डीएपी जातं. चार दिवसांत पानांच्या कडा करपतात. मग कुणीतरी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) सुचवतं, त्यानंतर बुरशीनाशक. ऑगस्टमध्ये झाड उपटलं की मुळं तपकिरी निघतात. दोन बोटांत धरून ओढलं की मुळाची साल मोज्यासारखी निघून हातात येते आणि आत नुसता दोरा उरतो. मातीला गटारासारखा वास. त्या लिंबाला कशाचीच कमतरता नव्हती. 8 इंची कुंडी आणि चार दिवसांतून एकदा पाणी, एवढंच हवं होतं.

झाड असं सापडलं तर उपाय आहे, पण वेळेत. कुंडीतून काढा, तपकिरी लिबलिबीत मुळं कात्रीने छाटा, पांढरी-पिवळसर टणक मुळं ठेवा. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्या लहान कुंडीत लावा: माती दोन भाग, जाडसर वाळू किंवा भाताचं तूस एक भाग, गांडूळखत एक भाग. मुळं जेवढी कमी केली त्या मानाने फांद्याही छाटा. एकदा पाणी द्या आणि उजेड असलेल्या सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत खताचा कणही नको. ट्रायकोडर्मा (मुळं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घालायचं तर घाला, पण ते मुळं शाबूत असताना पहाऱ्याला चांगलं. निम्मी मुळं सडल्यावर ते चमत्कार करत नाही.

पाणी कधी घालायचं ते बोट सांगतं. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला. गार आणि ओलं लागलं, माती बोटाला चिकटली, तर झारी खाली ठेवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असेल तर यातही फसाल, कारण त्याचा वरचा थर फिकट आणि कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो. अशा कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढून बघा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी जरा तिरपी उचलून वजन जोखायचं. पाणी दिल्यावरचं वजन आणि तहानेचं वजन हाताला एकदा कळलं की दोनतीनशे रुपयांचं ओलावा मोजायचं यंत्र खुशाल विसरा. तसंही ती स्वस्तातली यंत्रं क्षार जास्त असले की कोरड्या मातीलाही ओली म्हणतात.

घोट घोट पाणी

वरच्याच्या उलट चूक. रोज अर्धा पेला पाणी दिलं की वरचे दोन इंच ओले आणि खालची मुळं कोरडीच. पाणी द्यायचं तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या, नाहीतर देऊ नका. माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली असेल तर पाणी त्या फटीतूनच सरळ खाली पळतं आणि तुम्हाला वाटतं पोट भरलं. अशी कुंडी पाण्याच्या बादलीत अर्धा तास बसवा. बुडबुडे थांबले की काढून निथळत ठेवा.

तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर

"निचरा चांगला होतो" म्हणून तीन-चार इंच खडी किंवा विटांचे तुकडे घालायची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे आणि ती चूक आहे. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच ते खाली गळतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी राहणारा ओला पट्टा खडीमुळे जात नाही, उलट तेवढा वर सरकतो आणि मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून. निचरा हवा तर वाळू किंवा तूस पूर्ण मातीत मिसळा. प्लास्टिकच्या कुंड्यांना बऱ्याचदा भोकं पाडलेलीच नसतात, नुसत्या खुणा असतात. लावण्याआधी उलटी करून बघा आणि तापलेल्या सळईने चार-पाच भोकं पाडा.

कुठलं पान पिवळं, हे न बघणे

नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून त्यांची कमतरता आधी खालच्या पानांवर दिसते. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

खालची पानं सगळीकडून सारखी फिकट होत पिवळी पडली, झाडाची वाढ थांबली आणि माती नीट वाफशावर असेल, तर नत्र कमी आहे. 12 इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत मातीत मिसळा. खालच्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम: एप्सम सॉल्ट लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसते, तर लोह. पण लोह मातीत नसतं असं क्वचितच होतं. ते असतं, झाडाला मिळत नाही. देशावरची काळी माती मुळात चुनखडीची, त्यात बोअरचं जड पाणी, त्यामुळे सामू (पीएच) 8 च्या आसपास जातो आणि लोह अडकून पडतं. लिंबू, जास्वंद, मोगरा, गुलाब यांच्यावर हे पटकन दिसतं. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला 1 ग्रॅम फवारल्यावर नवी पानं हिरवी येतात. कुंडीत गंजके खिळे पुरून काही होत नाही. गंज अशा मातीत विरघळतच नाही. आणि अंड्याची टरफलं म्हणजे चुनाच. जिथे चुन्यामुळेच पान पिवळं झालंय तिथे आणखी चुना कशाला?

आरओचं टाकाऊ पाणी डोळे झाकून घालणे

पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे. पण आरओ यंत्र क्षार नाहीसे करत नाही, टाकाऊ पाण्यात गोळा करून बाहेर सोडतं. नळाचं पाणी मुळात गोड असेल तर ते फारसं बाधत नाही. बोअरचं किंवा टँकरचं असेल तर महिन्याभरात कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं तपकिरी होऊन करपतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा. सोसायटीत सॉफ्टनर बसवलेला असेल तर त्याहून वाईट, कारण तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून जागी सोडियम सोडतो. पाणी हाताला मऊ लागतं, मुळांना नाही. क्षार साचलेच तर पावसाचं किंवा गोडं पाणी कुंडीच्या दुप्पट मापाने हळूहळू ओतून खाली वाहू द्या. एसीचं पाणी चालतं.

तुळशीला भक्तीने बुडवणे

वृंदावनाला खाली भोक नाही, पाऊस चालू आहे आणि अंघोळ झाली की भरला तांब्या! पानं पिवळी पडून गळतात आणि घरात अपशकुनाची चर्चा सुरू होते. पूजा रोज करा, पण माती ओली असेल त्या दिवशी पळीभर पाणी पुरे. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

थंडीत कढीपत्त्याची जुनी पानं पिवळी होऊन गळतात. तो त्याचा विश्रांतीचा काळ आहे, पाणी कमी करा. ताक पातळ करून अधूनमधून घातलं तर बिघडत नाही, पण ते औषध नव्हे.

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. मुळं सडतात, शिवाय आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी तयार होते.

दूध-साखरेच्या चहाची पत्ती न धुता घातलीत तर खत मिळायच्या आत मुंग्या येतील.

मार्च ते मेमध्ये पानावर बारीक पिवळे ठिपके दिसले तर पान पांढऱ्या कागदावर झटका. लाल ठिपके चालू लागले तर ती लाल कोळी नावाची कीड आहे, तिथे खत-पाण्याचा संबंध नाही. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी, तेही ऊन उतरल्यावर.

एकाच आठवड्यात चार उपाय

अधीर माणसाची ही खास खूण. सोमवारी खत, बुधवारी फवारणी, शुक्रवारी कुंडी बदलली आणि रविवारी "फरक नाही" म्हणून तक्रार. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पंधरा दिवस हात बांधून बसा. पूर्ण पिवळं झालेलं पान बहुधा पुन्हा हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघत बसू नका. उपाय केला त्या दिवशी शेंड्याच्या सगळ्यात कोवळ्या पानाखाली लोकरीचा धागा सैल बांधा. धाग्याच्या वर जी पानं येतील त्यांचाच रंग बघायचा. तीही पिवळीच आली, तर पुडी बदलण्याआधी झाड कुंडीतून अलगद काढा आणि मुळं बघा.